स्पोर्ट्स कारचं इंजिन तापतंय? आधी बघा ते कधी तापतंय

तापमानाचा काटा लाल पट्टीकडे सरकला की पहिले एसी बंद करा, हीटर फुल करा (केबिनची भट्टी होईल, पण तेवढी उष्णता इंजिनातून बाहेर पडते) आणि गाडी बाजूला घेऊन बंद करा. कूलंटची (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाची) कॅप उघडायची नाही, अजिबात नाही. आत प्रेशर असतं म्हणून कूलंट १०० डिग्रीच्या वर जाऊनही उकळत नाही, कॅप फिरवली की प्रेशर जातं आणि सगळं उकळून तोंडावर येतं.

गाडी पूर्ण गार झाली की कूलंटची लेव्हल बघा. कमी असेल तर ते कुठे गेलं ते शोधा, होसचे (रबरी पाईपचे) जोड, रेडिएटरच्या (कूलंट गार करणाऱ्या जाळीच्या) कडा, वॉटर पंपाखालचे सुकलेले रंगीत डाग. नुसतं भरून निघू नका, आणि कॅपचं रबर पण तपासा, कॅप प्रेशर धरत नसेल तर बाकी सगळं ठीक असूनही कूलंट लवकर उकळतं.

आता मुख्य प्रश्न, गाडी तापते कधी?

ट्रॅफिकमध्ये तापते आणि पळायला लागली की खाली येते, तर संशय फॅनवर. इंजिन चालू ठेवून एसी लावा, बहुतेक गाड्यांत फॅन लगेच फिरायला पाहिजे. नाही फिरला तर फ्यूज, रिले, कनेक्टर, मोटर या क्रमाने जा. हात मात्र लांब ठेवा, फॅन कधीही सुरू होतो.

उलट जोरात चालवताना तापत असेल तर हवा किंवा कूलंटचा प्रवाह कमी पडतोय. स्पोर्ट्स कारचं नाक जमिनीलगत असतं त्यामुळे कचरा, पानं, किडे एसी कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत जाऊन बसतात, समोरून बघितलं तर काहीच दिसत नाही. खालचं प्लॅस्टिक कव्हर किंवा डक्ट कोणी काढून ठेवलंय का तेही बघा, ते शोभेला नसतं, हवा रेडिएटरमधूनच जावी म्हणून असतं. एवढं ठीक असेल तर आतून चोक झालेला रेडिएटर, झिजलेला पंप, किंवा जास्त आरपीएमला आत ओढला जाऊन चपटा होणारा होस.

काटा चढतोय, रेडिएटरचा एक होस कडक गरम आणि दुसरा गारच, तर बहुधा थर्मोस्टॅट (कूलंट तापलं की उघडून ते रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) बंद अवस्थेत अडकलाय.

इंजिन मागे किंवा मध्ये असलेल्या गाड्यांत रेडिएटर बऱ्याचदा पुढे असतो, मग पाईप लांबलचक, आणि कूलंट बदलल्यावर आत हवा अडकली की कुठलाच पार्ट खराब नसताना गाडी तापते. काम झाल्यानंतरच त्रास सुरू झाला असेल तर आधी नीट ब्लीडिंग करून घ्या, म्हणजे अडकलेली हवा बाहेर काढा, मॅन्युअलमध्ये ब्लीड स्क्रू कुठे आहेत ते दिलेलं असतं.

डॅशबोर्डच्या काट्यावर फार विसंबू नका राव, बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम मध्यभागी स्थिर ठेवलेला असतो आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं यंत्र) लावून कूलंटचं खरं तापमान बघा, साधारण ८५ ते १०५ डिग्री नॉर्मल धरा.

बाहेर गळती नाही तरी कूलंट कमी होतंय, कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर, ऑइल दुधाळ, यातलं काही दिसलं तर हेड गास्केटवर (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांमधल्या सीलवर) संशय घ्या. गॅरेजमध्ये ब्लॉक टेस्ट करतात, कूलंटवरच्या हवेत एक्झॉस्ट गॅस असेल तर टेस्टचं निळं द्रव पिवळं पडतं. पडलं तर गाडी चालवत घरी आणू नका, टो करा.