डोंगरावरचे पहिले टँडम उड्डाण: कोल्हापूरहून निघण्यापूर्वी आणि पोहोचल्यावर

टँडम पॅराग्लायडिंगमध्ये ग्लायडर चालवण्याचे सगळे काम वैमानिकाचे असते. त्याच्या पुढ्यात बांधलेल्या प्रवाशाच्या वाट्याला येतात ती उड्डाणाच्या वेळची आठ-दहा पावले. ही पावले नीट पडली, तर पुढची पंधरा-वीस मिनिटे निवांत बसून दरी पाहायची असते. पहिल्यांदा जाणारे बहुतेक जण मात्र उंचीची भीती घालवण्याच्या तयारीत राहतात आणि पळण्याची तयारी करायचे विसरतात. माझेही तसेच झाले होते. पाचगणीतल्या पहिल्या उड्डाणात पाठीमागून ओढ बसताच, आपण उचलले गेलो अशा समजुतीने मी चौथ्याच पावलाला पाय वर घेतले. माझे सगळे वजन वैमानिकावर पडले, दोघेही उतारावरच्या गवतात घसरत गेलो, माझा गुडघा फुटला आणि त्यांची दोन्ही कोपरे सोलली. दुसऱ्या प्रयत्नाआधी त्यांनी शांतपणे एवढेच सांगितले, "मी सांगेपर्यंत बसायचं नाही. पाय हवेत गेले तरी पळतच राहायचं." पहिल्यांदा जाणाऱ्या प्रत्येकाला मी हे वाक्य सर्वांत आधी ऐकवतो.

ही ओढ का बसते, हे समजून घेतले तर तिची भीती वाटत नाही. पॅराग्लायडरला सांगाडा नसतो. कापडाच्या दोन थरांमध्ये शिवलेल्या कप्प्यांची तोंडे पुढच्या कडेला उघडी असतात, त्यांतून वारा आत शिरतो आणि कप्पे फुगून पंखाचा आकार तयार होतो. जमिनीवर पसरलेला हा पंख फुगून डोक्यावर येईपर्यंत दोघांनाही मागे खेचतो. त्या क्षणी कमरेतून पुढे वाकून, नांगराला जुंपलेल्या बैलासारखा जोर लावत चालत राहावे लागते. पंख डोक्यावर स्थिरावला की ओढ अचानक कमी होते आणि तेव्हा खरे पळायचे असते. उडी मारायची नाही, कारण उडीने वजन क्षणभर दोऱ्यांवरून निघते आणि नंतर एकदम आदळते. ग्लायडरला सलग, वाढता वेग हवा असतो.

याचा सराव घरच्या घरी करता येतो. संध्याकाळी गांधी मैदानावर किंवा गल्लीतल्या मोकळ्या जागेत कमरेभोवती जुने धोतर किंवा मजबूत ओढणी गुंडाळावी, तिची दोन्ही टोके भावाच्या किंवा मित्राच्या हाती द्यावीत आणि तो मागे खेचत असताना पुढे झुकून दहा पावले चालावे. मग त्याने ओढ सैल सोडावी आणि आपण न थबकता पळत सुटावे. आठवडाभर रोज पाच वेळा एवढे केले, तरी उड्डाणाच्या वेळी शरीर गोंधळत नाही. कागलच्या आमच्या मामींनी साठीच्या उंबरठ्यावर हा सराव अंगणात केला होता, आणि त्या तुकडीत सर्वांत स्वच्छ उड्डाण त्यांचेच झाले.

जागा आणि हंगाम

कोल्हापूरकरांना सर्वांत सोयीचे ठिकाण पाचगणी आहे. महामार्गाने कराड आणि सातारा ओलांडून पाचवडला वळावे आणि वाईवरून पसरणीचा घाट चढावा. पहाटे निघाले तर सकाळच्या उड्डाणाची वेळ गाठता येते, पण आदल्या रात्री मुक्कामाला जाणे अधिक चांगले, कारण काही तास गाडी चालवून थकलेले पाय उतारावर नीट पळत नाहीत. कृष्णेच्या खोऱ्याकडे उतरणाऱ्या कड्यांवरून धोमचे पाणी दिसते आणि उंची पहिल्या उड्डाणाला पुरेशी मिळते. मावळातील कामशेत हे राज्यातले दुसरे जुने ठिकाण आहे. दोन्हीकडे साधारण ऑक्टोबर ते मे हा हंगाम असतो. पावसाळ्यात भिजलेले कापड, ढगांत हरवलेले डोंगर आणि झोंबणारा वारा यांमुळे उड्डाण करणे शहाणपणाचे नसते.

हिमालयातच पहिले उड्डाण करायचे असेल, तर हिमाचल प्रदेशातील कांगडा जिल्ह्यात धौलाधार रांगेच्या पायथ्याशी असलेले बीर-बिलिंग हे ठिकाण निवडावे. 2015 साली पॅराग्लायडिंगच्या विश्वचषक मालिकेतील स्पर्धा येथे झाली होती. उड्डाण सुमारे 2,400 मीटर उंचीवरच्या बिलिंगहून होते आणि उतरणे खाली बीर गावाजवळच्या मोकळ्या मैदानावर. वर जायला सुमारे चौदा किलोमीटरचा वळणावळणाचा रस्ता जीपने चढावा लागतो. घाटात ज्यांना मळमळते त्यांनी पुढच्या सीटवर बसावे, नाहीतर उड्डाणाआधीच पोट बिघडते. दिवाळीच्या मागेपुढे, म्हणजे ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये, तिथली हवा सर्वांत स्वच्छ असते. 15 जुलै ते 15 सप्टेंबर या काळात हिमाचलात पॅराग्लायडिंगला बंदी असते, त्यामुळे त्या दोन महिन्यांत कोणी स्वस्तात उड्डाण देऊ केले तर ते नियमाबाहेरचे आहे हे ओळखावे.

कुठेही गेलात तरी किमान एक पूर्ण दिवस राखीव ठेवा. कोल्हापूरहून दिल्लीपर्यंत रेल्वेने आणि तिथून रात्रभर बसने बीरला पोहोचून, त्याच संध्याकाळी परतीची बस धरायची असा बेत आखणारे लोक मी पाहिले आहेत. वारा फिरला की असा प्रवासी वैमानिकाच्या मागे लागतो, विनवण्या करतो, आणि एखादा वैमानिक भिडेखातर उडतोही. प्रवाशाच्या हातून होऊ शकणारी ही सर्वांत धोकादायक चूक आहे.

वारा पाहायला शिकावे

निघण्यापूर्वी एका दुपारी पन्हाळ्यावर जाऊन पुसाटी बुरुजाच्या आसपास तासभर थांबावे, असे मी आवर्जून सुचवतो. पश्चिमेचा वारा डोंगराच्या अंगाला धडकतो आणि त्याला वर चढण्यावाचून वाट राहत नाही. कड्याच्या आत उभे राहूनही तो खालून तोंडावर येताना कळतो. याच वर चढणाऱ्या वाऱ्यावर घार पंख न हलवता कड्याला समांतर इकडून तिकडे जाते आणि फक्त शेपटी किंचित तिरकी करून वळते. ग्लायडरही तेच करतो. थोडे दूर मैदानावर, तापलेल्या काळ्या रानाच्या वर, दुसरी एखादी घार गोल गोल फिरत उंच जाताना दिसेल. तिथे गरम हवेचा स्तंभ उठत असतो, त्याला वैमानिक थर्मल म्हणतात. थर्मलमध्ये शिरताना आणि बाहेर पडताना एसटी खड्ड्यातून जावी तसे धक्के बसतात. ते धक्के नेहमीचे आहेत हे आधी माहीत असले, म्हणजे हवेत दातखीळ बसत नाही.

भर दुपारी थर्मल सर्वांत जोरदार असतात. म्हणून पहिल्या उड्डाणासाठी सकाळची किंवा ऊन कललेली वेळ मागून घ्यावी. टेक-ऑफच्या जागी पोहोचल्यावर आधी विंडसॉककडे, म्हणजे काठीला लावलेल्या कापडी नळीकडे पाहावे. वारा समोरून, दरीकडून डोंगराकडे आणि सलग यायला हवा. ताशी दहा ते वीस किलोमीटरच्या आसपासचा स्थिर वारा सोयीचा असतो. नळी कधी लोंबकळते, कधी ताठ होते आणि मध्येच दिशा बदलते, असे दिसले तर थांबावे. वारा पाठीमागून येत असेल तर उड्डाणाचा प्रश्नच येत नाही. "आज नाही" असे सांगणाऱ्या वैमानिकावर नाराज होऊ नये. मी तर अशाच माणसाकडे दुसऱ्या दिवशी पुन्हा जातो.

माणूस आणि सामान

हिमाचलात टँडम वैमानिकाला पर्यटन विभागाचा परवाना लागतो, आणि महाराष्ट्रात 2021 च्या साहसी पर्यटन धोरणानुसार आयोजकाने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणे अपेक्षित आहे. परवाना दाखवा म्हणण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. तो ज्याच्या नावाचा आहे तोच माणूस तुम्हाला घेऊन उडणार आहे ना, हेही विचारावे, कारण गर्दीच्या दिवसांत ठरवलेला एक आणि नेणारा दुसरा असे घडते. राखीव पॅराशूट आहे का, ते शेवटचे कधी उघडून पुन्हा घडी केले, आणि हवामानामुळे उड्डाण रद्द झाले तर पैसे परत मिळतात की पुढची तारीख मिळते, हे तीन प्रश्न पैसे देण्यापूर्वी विचारावेत. जीपचे भाडे आणि व्हिडिओचे पैसे वेगळे आहेत का, हेही तेव्हाच ठरवून घ्यावे. एकदा एका ठिकाणी मला हनुवटीचा पट्टा तुटलेले आणि सुतळीने बांधलेले हेल्मेट देण्यात आले. मी दुसरे मागितले तर "दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे" असे उत्तर आले. मी तिथून परत फिरलो आणि त्या दिवशी उडलो नाही, याचे मला आजही समाधान आहे.

स्वतःचे वजन खरे सांगावे. प्रत्येक टँडम ग्लायडरला दोन्ही माणसे आणि सामान मिळून किमान व कमाल वजनाची मर्यादा असते, आणि तालमीत कमावलेले शंभर किलोंचे शरीर लपवून कोणाचाही फायदा होत नाही. अशा प्रवाशासाठी हलका वैमानिक, मोठा पंख किंवा थोडा जास्त वारा लागतो आणि त्याची व्यवस्था आधी कळवल्यासच होते. हृदयविकार, फिट येणे, पाठीच्या मणक्याचा त्रास, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये, आणि गरोदरपणी हा बेत पुढे ढकलावा.

पायात घोट्याला आधार देणारे, लेस बांधायचे बूट हवेत. कोल्हापुरी चप्पल कितीही आवडती असली तरी ती खोलीवर ठेवावी. पूर्ण लांबीची पँट, वारा अडवणारे जॅकेट आणि हातमोजे घ्यावेत, कारण दर हजार मीटर उंचीला तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते आणि त्यात समोरून ताशी पस्तीस-चाळीस किलोमीटर वेगाचा वारा लागतो. ओढणी, मफलर, लोंबणारे दागिने काढून ठेवावेत आणि चष्म्याला दोरी बांधावी. फोन खिशाची चेन लावून आत ठेवावा, कारण हातातून सुटलेली वस्तू खाली कोणाच्या तरी डोक्यावर पडते. उपाशी पोटी मळमळ वाढते आणि मिसळीवर ताव मारूनही वाढते. दोन तास आधी पोहे किंवा केळे एवढे पुरते.

हार्नेस, म्हणजे अंगावर बांधायचे पट्ट्यांचे आसन, बांधून झाल्यावर सहाय्यकाने तपासले असले तरी स्वतःचा हात फिरवून मोठ्याने म्हणावे: डावी मांडी, उजवी मांडी, छाती, डावा खांदा, उजवा खांदा, हनुवटी. मांड्यांचे पट्टे राहून गेले तर माणूस उड्डाणानंतर हार्नेसमधून निसटू शकतो आणि ही चूक जिवावर बेतते. वाऱ्याची वाट पाहताना लघवीला जाण्यासाठी पट्टे सोडावे लागले, तर परतल्यावर ही सगळी मोजणी पहिल्यापासून करावी.

हवेत आणि जमिनीवर

बीरमध्ये सूचना हिंदीत मिळतात. "चलो, चलो, भागो, बैठना मत" हे शब्द कानाला ओळखीचे करून ठेवावेत. पाय जमिनीवरून सुटल्यावरही "बैठ जाओ" ऐकू येईपर्यंत पाय चालते ठेवावेत. मग दोन्ही गुडघे छातीकडे उचलून, मांड्यांखालची फळी मागे सरकवत हार्नेसमध्ये खोल बसावे. आधारासाठी छातीजवळचे पट्टे धरावेत. वर जाणाऱ्या रायझरना, म्हणजे हार्नेस पंखाच्या दोऱ्यांशी जोडणाऱ्या पट्ट्यांना, आणि वैमानिकाच्या हातांतल्या ब्रेकच्या दोऱ्यांना हात लावू नये.

त्यानंतर येणारी शांतता अनपेक्षित असते. दोऱ्यांतून जाणाऱ्या वाऱ्याचा हलका सूर आणि वैमानिकाच्या व्हेरिओ नावाच्या यंत्राची टिकटिक एवढेच ऐकू येते. टिकटिक भरभर झाली की आपण वर चढत आहोत, आणि आवाज खालच्या पट्टीत लांबला की उतरत आहोत. हे कळले की डोळे मिटूनही उड्डाण समजते. डोळे मात्र मिटू नयेत. मळमळू लागल्यास नजर दूर क्षितिजावर ठेवून लांब श्वास घ्यावा आणि वैमानिकाला लगेच सांगावे, म्हणजे तो थर्मल सोडून सरळ उतरू लागतो. पहिल्या वेळी गिरक्या घ्यायच्या का असे विचारले, तर नाही म्हणण्यात काही कमीपणा नाही.

उतरण्यापूर्वी वैमानिक दोनपैकी एक सूचना देतो: उभे राहून दोन-चार पावले पळायचे, किंवा पाय समोर सरळ उचलून धरायचे आणि बसक्या अवस्थेत टेकायचे. वाऱ्यावर हे ठरत असल्याने आपल्या मनाने निवड करू नये. जमीन अंगावर येतेय असे वाटून पाय खाली रोवले जातात आणि घोटे बहुधा तेव्हाच मुरगळतात. टेकल्यावर पंख मागे पडून शांत होईपर्यंत जागेवरच थांबावे, कारण वाऱ्याने तो पुन्हा फुगून ओढू शकतो. पट्टे वैमानिकानेच सोडावेत. पाय थरथरत असले तरी मैदानाच्या मधोमध बसू नये. मागून पुढचा ग्लायडर त्याच जागी येत असतो, म्हणून आधी वर पाहावे, मग कडेला जावे, पाणी प्यावे आणि मगच घरी फोन लावावा.