पिंगला उत्तर आलं, मेल मात्र गेला नाही

२०२२ साली हिंजवडीत सपोर्टला जॉइन झाले तेव्हा कमांड लाइनवर मला येत होतं ते एवढंच: पिंग, म्हणजे मशीनला हाक मारून ते ओ देतं का ते बघणं. कॉलेजच्या लॅबमध्ये तेवढंच करून घेतलं होतं आणि जर्नलमध्ये त्याचा स्क्रीनशॉट चिकटवला होता. तिसऱ्याच आठवड्यात, रात्रपाळीत तिकीट आलं: क्लायंटचे मेल बाहेर जात नाहीयेत. मी पिंग मारला. एका मिलिसेकंदात उत्तर, पॅकेट लॉस शून्य. तिकिटात बिनधास्त लिहिलं, 'सर्व्हर चालू आहे, तुमच्या बाजूने तपासा.' वीस मिनिटांत क्लायंटचा फोन थेट शिफ्ट लीडला.

तो माझ्या खुर्चीशेजारी येऊन उभा राहिला. "अगं, पिंगला मशीनने उत्तर दिलं. मेल कोण पाठवतं? त्यावरचा पोस्टफिक्स हा मेलचा प्रोग्राम. त्याला विचारलंस का काही?"

मग कीबोर्ड ओढून घेतला. टेलनेट (दुसऱ्या मशीनशी टाइप करून बोलायचा प्रोग्राम), सर्व्हरचं नाव, पुढे पोर्ट २५, म्हणजे मेलसाठीचं दार. पडद्यावर २२० आकडा आणि सर्व्हरची ओळख उमटली. इथे मी पुन्हा 'चालू आहे' म्हणून मोकळी झाले असते. त्याने हाताने 'एहलो', म्हणजे सर्व्हरला नमस्कार, टाइप केलं. २५० च्या पाच-सहा ओळी आल्या. मग 'मेल फ्रॉम' आणि पाठवणाऱ्याचा पत्ता. उत्तर आलं ४५२: साठवायला जागा नाही. डीएफ (डिस्कवर किती जागा उरली ते सांगणारी कमांड) मारून बघितलं, तर मेलची रांग ज्या पार्टिशनवर असते ते १०० टक्के भरलेलं. कोणीतरी डीबग लॉग (प्रत्येक बारीकसारीक घडामोडीची नोंद) चालू करून घरी गेलं होतं.

एसएमटीपी, म्हणजे मेल सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात तो प्रोटोकॉल, १९८२ सालचा आहे, आणि माणसाने टाइप करून बोलावं इतका साधा. त्याच्या उत्तरांतला पहिलाच आकडा बरंच सांगतो. २ म्हणजे ठीक. ४ म्हणजे 'आत्ता नाही, नंतर या'. ५ म्हणजे 'येऊच नका'. नव्याने लागणाऱ्यांनी हे एकदा तरी हाताने करून बघा. डॅशबोर्डवरच्या हिरव्या ठिपक्यांतून हे कळत नाही. हल्ली बऱ्याच मशीनवर टेलनेट नसतं, तिथे तेच काम करणारं एनसी (नेटकॅट) वापरा. विंडोजवर पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन आहे, पण ते पोर्ट उघडं आहे की नाही तेवढंच सांगतं.

'कनेक्शन रिफ्यूज्ड' आणि 'टाइम्ड आउट' यांत मी कित्येक दिवस गल्लत करत होते. रिफ्यूज्ड आलं म्हणजे बहुतेक वेळा मशीन जागं असतं आणि त्या पोर्टवर ऐकणारं कोणी नसतं. सर्व्हिस पडलेली असते. टाइम्ड आउट म्हणजे तिकडून शब्दच नाही. मशीन बंद असेल, नाहीतर वाटेत फायरवॉल पॅकेट गिळत असेल. पहिल्यात सर्व्हिसवाल्यांना उठवायचं, दुसऱ्यात आधी नेटवर्कवाल्यांना. रात्री तीनला चुकीच्या माणसाला उठवून बघा, फरक जन्मभर लक्षात राहील. आणि वाकडच्या रूमवरून पोर्ट २५ तपासू नका; घरगुती ब्रॉडबँडवर ते बरेचदा अडवलेलंच असतं. तिथून ५८७ बघा, मेल सोपवायचं दुसरं पोर्ट.

चॅटच्या सेवा एचटीटीपीवर, म्हणजे वेबसाइटच्या भाषेत, बोलतात, तिथे कर्ल ही कमांड. पण २०० (एचटीटीपीतलं 'ठीक') आला म्हणून हुरळून जाऊ नका. स्लॅक या चॅट सेवेचा एपीआय (प्रोग्रामने बोलायची खिडकी) टोकन, म्हणजे ओळखीची किल्ली, चुकीचं असलं तरी २०० च देतो, आणि आतल्या मजकुरात, जेसनमध्ये, 'ओके' पुढे 'फॉल्स' लिहितो. म्हणून उत्तराचा मजकूर वाचायचा. कर्लचे एक्झिट कोडही (काम संपताना ते देतं ते आकडे) कामाचे: ६ म्हणजे नावच सापडलं नाही, ७ म्हणजे जोडणी झाली नाही, २८ म्हणजे वेळ संपली.

त्या ६ वरून ४ ऑक्टोबर २०२१ आठवतो. रात्री नऊनंतर व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम एकदम गेलं. मी तेव्हा शेवटच्या वर्षाला, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर. आम्ही चौघींनी राउटर तीनदा बंद-चालू केला आणि मालकीणबाईंनी नेटचे पैसे भरले नाहीत असं ठरवूनही टाकलं. लाइट गेली की आपण आधी गॅलरीतून समोरची बिल्डिंग बघतो, ते इथे कोणाला सुचलं नाही. डिग (साइटच्या नावावरून तिचा पत्ता विचारणारी कमांड) मारून फेसबुकचं नाव विचारलं असतं तर 'सर्व्हफेल', म्हणजे 'पत्ता सांगता आला नाही', आलं असतं, आणि दुसऱ्या कुठल्याही साइटचं नाव नीट मिळालं असतं. फेसबुकच्या डीएनएस सर्व्हरांकडे (नावाचा पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरांकडे) जाणारे रस्तेच बीजीपीतून, म्हणजे नेटवर्क एकमेकांना रस्ते सांगतात त्या यंत्रणेतून, काढले गेले होते. सगळं सुरळीत व्हायला सहाएक तास लागले. राउटर बिचारा निर्दोष होता.

डिस्कच्या त्या प्रकारानंतर मी हौसेने स्क्रिप्ट लिहिली. दर ५ मिनिटांनी क्रॉनमधून (ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या प्रोग्राममधून) चालायची, 'मेल फ्रॉम'पर्यंत बोलून बघायची, प्रत्येक वेळी १० सेकंदांची मर्यादा. ती नसेल तर अडकलेल्या तपासण्यांचा ढीग साचतो. २५० आलं नाही की लीडला आणि मला इशारा. महिन्याभराने एका रविवारी रात्री सर्व्हर खरंच अडला. स्क्रिप्टने पहिल्याच फेरीत ओळखलं. इशारा मात्र मी मेलने पाठवायला लावला होता, त्याच सर्व्हरमधून. सकाळी सहाला तो दुरुस्त झाला आणि रांगेत अडकलेले ४३ इशारे एकापाठोपाठ लीडच्या फोनवर वाजले.