कापसाच्या भावावरून जागतिकीकरण कसे अभ्यासावे

‘जागतिकीकरणाचे समाजावरील परिणाम’ हा प्रकल्प घेणारे विद्यार्थी बहुधा पानावर उभी रेघ ओढतात आणि डावीकडे फायदे, उजवीकडे तोटे लिहून मोकळे होतात. अशा वह्या मी अनेक वर्षे तपासल्या आणि त्यांना गुणही दिले. पण त्यांतले नागपूर खोडून तिथे नाशिक किंवा नैरोबी लिहिले तरी काहीच बिघडत नाही, हे मला फार उशिरा लक्षात आले. त्यापेक्षा एकच वस्तू हाती घ्यावी आणि तिच्या वाटेवरच्या प्रत्येक टप्प्यावर दोनच प्रश्न विचारावेत: भाव कोण ठरवतो, आणि तो पडला की भुर्दंड कोणाला बसतो? नागपूरकराने ही वस्तू म्हणून कापूस निवडावा. संत्रे अधिक रसाळ वाटेल, परंतु कापसाची वाट लांब आहे आणि ती दीडशे वर्षांहून जुनी आहे.

पहिला दिवस शहरात पायी फिरण्यात घालवावा. कॉटन मार्केटात पहाटे गेल्यास पालक, मेथी आणि सांबाराचे ढीग दिसतात (बाहेरच्या वाचकासाठी सांगतो, आपल्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात), पण कापसाचे बोंड दिसत नाही. तेथून एम्प्रेस मिलच्या जागेकडे जावे. जमशेटजी टाटा यांनी १ जानेवारी १८७७ रोजी, म्हणजे राणी व्हिक्टोरियाला भारताची सम्राज्ञी घोषित केले गेले त्याच दिवशी, ही गिरणी सुरू केली. २००२ मध्ये ती बंद झाली आणि तिच्या जमिनीच्या एका भागावर आज मॉल उभा आहे. परिसरातील जुन्या गिरणी कामगारांशी बोलताना ‘जागतिकीकरणामुळे गिरणी बंद पडली का?’ असे कधीही विचारू नये, कारण समोरचा माणूस आपल्या समाधानासाठी ‘हो’ म्हणतो आणि विषय तिथेच संपतो. पाळीची वेळ कोणती होती, पगार कोणत्या तारखेला मिळत असे, गिरणी बंद झाल्यावर पहिल्या वर्षी घर कशावर चालले, मुले आता काय करतात, असे विचारावे. उत्तरे वर्षांसह लिहून ठेवावीत. ही गिरणी १९९१ च्या आधीच राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली होती, त्यामुळे तिच्या दुखण्याचे सगळे खापर नव्या आर्थिक धोरणावर फोडता येत नाही. जुनी यंत्रे आणि यंत्रमागांची स्पर्धा यांचा हिशेबही त्यात धरावा लागतो.

त्यानंतर मागे, १८६१ पर्यंत, जावे. त्या काळी इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांना लागणारा सुमारे तीन चतुर्थांश कापूस अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतून, गुलामांच्या श्रमातून येत होता. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरमध्ये लाखो कामगारांच्या चुली थंडावल्या. इकडे वऱ्हाडात मात्र कापसाला कधी नव्हे असा भाव आला. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि भाव कोसळला. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे नागपूरला पोहोचली तेव्हा तेजी ओसरली होती, पण वऱ्हाडचा शेतकरी मुंबईमार्गे लिव्हरपूलच्या बाजाराला कायमचा बांधला गेला होता. याच वाटेने उलट्या दिशेने गिरणीचे सूत आणि कापड आले, आणि घरोघरी चालणारी सूतकताई त्यापुढे टिकली नाही. म्हणून प्रकल्पाच्या पहिल्या पानावर १९९१ हे वर्ष लिहिण्याची घाई करू नये. (ते लिहायची वेळ येईल तेव्हा एवढी नोंद अवश्य करावी, की उदारीकरण राबवणारे पंतप्रधान पी. व्ही. नरसिंह राव हे त्याआधी आपल्या शेजारच्या रामटेकचे खासदार होते.)

आता मुख्य काम भावाचे. जिल्ह्यातील एखाद्या जिनिंगवर, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्यात, परवानगी काढून अर्धा दिवस बसावे. ट्रॅक्टर आत येतो, ग्रेडर (मालाची प्रत ठरवणारा) ढिगात कोपरापर्यंत हात घालून तळातला मूठभर कापूस उपसतो, चिमटीत तंतू ओढून त्याची लांबी पाहतो आणि ओलावा मोजण्याचे यंत्र खुपसतो. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीत ८ टक्के ओलाव्याला पूर्ण हमीभाव मिळतो, पुढे १२ टक्क्यांपर्यंत कपात होते आणि त्यावर माल घेतला जात नाही. खासगी व्यापाऱ्याचा हिशेब वेगळा असतो. भाव का उतरला असे त्याला विचारल्यास ‘न्यूयॉर्क नरम आहे’ असे उत्तर मिळू शकते. ही टाळाटाळ नसते. ते वाक्य आकड्यांत उतरवता आले पाहिजे.

न्यूयॉर्कचा, म्हणजे तिथल्या वायदे बाजाराचा, भाव रुईचा (सरकी काढलेल्या कापसाचा) असतो आणि तो सेंट प्रति पौंड असा सांगतात. समजा तो ८० सेंट आहे आणि डॉलर ८५ रुपयांना आहे. एक किलो म्हणजे साधारण २.२ पौंड, म्हणून किलोभर रुईचे सुमारे १.७६ डॉलर, म्हणजेच जवळपास १५० रुपये होतात. आपल्याकडे रुईचा सौदा ३५६ किलोंच्या खंडीवर होतो, तेव्हा खंडीला ५३,४०० रुपये पडले. एक क्विंटल कापसातून अंदाजे ३४ किलो रुई निघते, तिचे ५,१०० रुपये. सुमारे ६४ किलो सरकी निघते, ती ३० रुपये किलो धरल्यास १,९२० रुपये. उरलेले दोन किलो कचरा आणि घट. एकूण ७,०२० रुपये झाले. यातून जिनिंगचा खर्च, वाहतूक, व्याज आणि व्यापाऱ्याचा नफा वजा केल्यावर उरेल तो शेतकऱ्याचा भाव. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये होता. तो या आकड्याशेजारी मांडला की हमीभावाने खरेदी वेळेवर सुरू होणे किंवा न होणे शेतकऱ्याला किती महाग पडते हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. आपल्या गणितात त्या दिवसाचे आकडे घालावेत. महिनाभर दर सोमवारी हेच गणित केल्यास न्यूयॉर्क, डॉलर आणि सरकी यांपैकी कोणामुळे भाव हलला, हे ओळखता येऊ लागते. सरकीकडे विद्यार्थी हमखास दुर्लक्ष करतात.

हेच दोन प्रश्न मग दुसऱ्या देशांना लावावेत. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या पश्चिम व मध्य आफ्रिकेतील चार देशांनी २००३ मध्ये जागतिक व्यापार संघटनेपुढे गाऱ्हाणे मांडले, की श्रीमंत देश आपल्या कापूस उत्पादकांना देत असलेल्या अनुदानामुळे भाव पडतो आणि त्याची झळ आमच्या शेतकऱ्यांना बसते. ब्राझीलने याच कारणावरून अमेरिकेविरुद्ध २००२ मध्ये तक्रार दाखल केली, निकाल आपल्या बाजूने मिळवला आणि २०१४ मध्ये ३० कोटी डॉलर घेऊन तडजोड केली. नियम सर्वांना सारखे होते. ते वापरण्याचे बळ सारखे नव्हते, असे मला वाटते. परंतु केवळ अमेरिकेकडे बोट दाखवून थांबू नये. २०१८ मध्ये अमेरिकेने भारताच्या कापूस हमीभावावरच जागतिक व्यापार संघटनेत आक्षेप घेतला होता.

शेवटचा टप्पा गांधीबागेच्या कापडबाजारातील किंवा मॉलमधील सदऱ्याच्या कॉलरवर असतो. तिथली चिठ्ठी वाचावी. कधी तिच्यावर बांगलादेश लिहिलेले असते. त्या देशात कापूस फारसा पिकत नाही, तो कापूस आणि सूत आयात करतो, त्यात भारतीय मालही असतो, आणि शिवलेले कपडे जगभर पाठवतो. या उद्योगाने लक्षावधी स्त्रियांना पगार दिला. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ साभार येथे राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेहून अधिक माणसे मेली, तीही याच उद्योगात. ही दोन वाक्ये फायदा आणि तोटा अशा दोन रकान्यांत वाटून टाकू नयेत. ती एकाच परिच्छेदात एकाखाली एक यावीत.

एक व्यावहारिक सूचना: नोंदी दिवाळीच्या आसपास सुरू कराव्यात, कारण आवक तेव्हा वाढू लागते. एप्रिलमध्ये गेल्यास बहुतेक जिनिंग थंडावलेल्या असतात, पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडे) उपटून बांधावर रचलेल्या असतात आणि शेतकरी पुढच्या हंगामाच्या बियाण्याच्या पैशांच्या मागे लागलेला असतो. मुलाखतीसाठी त्याला थांबवणे तेव्हा बरे दिसत नाही.