आरशासमोरची दोन वर्षं: नाण्या-पत्त्यांची हातचलाखी शिकणाऱ्यांसाठी

फ्रेंच ड्रॉप (नाणं दुसऱ्या हातात घेतल्याचा आभास), क्लासिक पाम (नाणं तळहातात लपवणं), डबल लिफ्ट (दोन पत्ते एकच म्हणून उचलणं) ही नावं ज्यांना ठाऊक आहेत पण ज्यांची बोटं अजून ऐकत नाहीत, अशांसाठी हे लिहितोय. मी बेळगावात शहापूरला राहतो, दिवसा नोकरी करतो आणि गेली नऊ वर्षं हातचलाखी शिकतोय. शिकतोय असंच म्हणतो, कारण कार्यक्रमाच्या आधी आजही माझी बोटं गार पडतात. सुरुवातीची दोन वर्षं एका चुकीत गेली. ती चूक सांगण्यासाठीच लिहायला बसलोय, पण आधी सामानाचं बोलून घेऊ. तिथंही पैसे आणि महिने फुकट जातात.

शिकवणीच्या व्हिडिओत जे नाणं दिसतं ते बहुतेक वेळा अमेरिकेचा हाफ डॉलर असतो. रुंदी ३०.६ मिलिमीटर, वजन ११.३४ ग्रॅम. आपल्या २०१९ च्या मालिकेतलं एक रुपयाचं नाणं २० मिलिमीटरचं आहे, दोनचं २३, पाचचं २५ आणि दहाचं २७. मी एक रुपयाचं नाणं घेऊन क्लासिक पाम घोटत बसलो. अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा आणि समोर करंगळीच्या बाजूचा उंचवटा, या दोहोंच्या मध्ये नाणं धरून ठेवायचं असतं. वीस मिलिमीटरचं नाणं मोठ्या माणसाच्या हातात तिथं पुरतच नाही. ते धरायला तळहात इतका आवळावा लागतो की लांबून बघणाऱ्यालाही कळतं, या हातात काहीतरी आहे. चार महिने मला वाटत होतं की माझा हातच या कामाचा नाही. हाताला दोष देण्याआधी नाणं बदला. दहाचं घ्या. आमच्याकडं काही दुकानदार ते घ्यायला कुरकुरतात, त्यामुळं घरात चार-पाच साठलेली असतातच.

मला पकड म्हणजे काय ते कळलं देव्हाऱ्यातल्या पंचम जॉर्जच्या चांदीच्या रुपयानं. वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा, आणि रुंदीला जवळजवळ हाफ डॉलरएवढा. कडेला दाते असल्यानं कातडीला धरून राहतो. लक्ष्मीपूजनाच्या आधी जागेवर परत ठेवायचा, या बोलीवर आईनं तो दिला. जड नाणं लबाडी करू देत नाही. पकड जरा ढिली असली की खाली पडतं आणि फरशीवर वाजतं. म्हणून सराव अंथरुणाच्या कडेशी उभं राहून करा. घरचे झोपलेले असतात आणि नाण्यालाही मार लागत नाही.

पत्त्यांचं थोडक्यात. गुळगुळीत प्लॅस्टिकचा कॅट घेऊ नका, दोन पत्ते एकत्र उचलायला गेलात की एकमेकांवरून घसरतात. कागदाचा चांगला कॅट घ्या, शक्यतो ६३ मिलिमीटर रुंदीचा. ५७ मिलिमीटरचा अरुंद कॅट लहान हातांना ठीक. आपल्याकडच्या पावसात, आणि खानापूर-जांबोटीकडं तर जास्तच, कागदाचे पत्ते ओल धरतात, फुगतात, पंखा नीट उघडत नाही. हवाबंद डब्यात ठेवा, औषधाच्या बाटलीतली सिलिका जेलची पुडी सोबत टाका. आणि एक धीराची गोष्ट. आपण रमीला बसल्यावर कॅट एका हातात धरून दुसऱ्या हातानं गठ्ठे ओढत जसं पिसतो, त्याच पिसण्याला परदेशातले जादूगार ‘हिंदू शफल’ म्हणतात आणि मुद्दाम शिकतात. तुम्हाला तो लहानपणापासून येतो. पत्ता फोर्स करायला, म्हणजे समोरच्याला आपल्याला हवा तोच पत्ता घ्यायला लावायला, त्यासारखं सोपं काही नाही.

आता ती चूक.

आरशासमोर सराव करा, हे सगळेच सांगतात. मलाही सांगितलं. कपाटाच्या आरशासमोर उभं राहून मी रुपया डाव्या हातातून उजव्यात घेतल्यासारखं करायचो, उजवी मूठ हळूहळू उघडून रिकामी दाखवायचो. आरशात डाव्या हाताची पाठ तेवढी दिसायची, अगदी निर्मळ. रोज रात्री समाधानानं झोपायचो. मग एका गणेशोत्सव मंडळानं दहा मिनिटं दिली. स्टेज चार फूट उंच, पुढं सतरंजीवर पोरं, मागं खुर्च्यांवर मोठी माणसं. रुपया गायब झाला, खुर्च्यांतून टाळ्या आल्या, आणि पहिल्या रांगेतली सात-आठ वर्षांची पोरगी उठून उभी राहिली. “मामा, त्या हातात हाय की ओ!” सगळी पोरं मान तिरकी करून माझ्या डाव्या तळहाताखाली बघायला लागली. उरलेली मिनिटं मी कशी काढली ते आठवत नाही. घरी येऊन रुपया देव्हाऱ्यात ठेवला आणि सहा महिने बाहेर काढला नाही.

त्या सहा महिन्यांत जे उमगलं ते सविस्तर सांगतो, कंटाळा आला तरी वाचा. आरसा तुमच्या डोळ्यांच्या उंचीवरून बघतो. त्याला दुसरी उंची नाही. नाणं तळहातात धरून हात जमिनीला समांतर ठेवला की डोळ्यांच्या उंचीवरून फक्त हाताची पाठ दिसते. पण स्टेजच्या पायथ्याशी बसलेल्या पोराचं डोकं तुमच्या गुडघ्याच्याही खाली असतं. त्याला तुमचा तळहात छतासारखा वर दिसतो आणि त्या छताला चिकटलेला रुपया लखलखत असतो. खुर्चीवरच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या त्या खऱ्या होत्या, आणि त्या पोरीला दिसलं तेही खरं होतं. माझ्या हाताची हालचाल चुकली नव्हतीच. हालचाल कुणासाठी आहे हेच मला माहीत नव्हतं.

एवढ्यावर थांबत नाही. आरशात बघताना तुमची मान वर असते, नजर पुढं असते, म्हणून सगळं सहज दिसतं. स्टेजवर आरसा नसतो. मग नजर जाते कुठं? लपवलेल्या हातावर. एक क्षणभरच जाते, पण प्रेक्षक तुमच्या नजरेमागं चालतो. तुम्ही डाव्या हाताकडं बघितलंत की पन्नास जणांनी बघितलं. नाणं उजव्या मुठीत आहे यावर आधी तुमच्या डोळ्यांचा विश्वास बसला पाहिजे. डोळे उजव्या मुठीबरोबर निघाले पाहिजेत, आणि डावा हात ज्या सुस्तपणानं मोबाईल खिशात टाकल्यावर खाली येतो तसा खाली आला पाहिजे. हे आरसा शिकवूच शकत नाही, कारण आरशासमोर डोळे आरशातच अडकलेले असतात.

आणि सगळ्यात फसवी गोष्ट पापणीची. नेमक्या हालचालीच्या क्षणी आपण डोळे मिटतो. मुद्दाम नाही, आपोआप. स्वतःची चोरी स्वतःला बघवत नाही म्हणा. परिणाम असा की नाणं चमकतं तो क्षण आरशात तुम्हाला कधी दिसतच नाही. मी मोबाईलवर चित्रण करून सावकाश चालवून बघितलं तेव्हा हादरलो. सात वेळा केलेल्या खेळात सहा वेळा पापणी मिटलेली आणि त्याच क्षणी बोटांच्या फटीत रुपया स्पष्ट.

तेव्हा आरसा काढून टाका असं म्हणत नाही. पहिले आठ-दहा दिवस हालचाल बसवायला वापरा, मग त्याला पाठ करा. मोबाईल तीन ठिकाणी ठेवून चित्रण करा: एकदा जमिनीवर पाटाला टेकवून, एकदा डावीकडं खुर्चीवर, एकदा माळ्यावरून खाली. माळ्यावरून का, ते पुढं येईल. जमिनीवरच्या चित्रणात नाणं दिसलं तर हात आडवा ठेवू नका, मांडीलगत खाली सोडा, तळहात मांडीकडं. स्टेजवर असाल तर कडेपासून तीन पावलं मागं उभे राहा. घाबरू नका. दोन वर्षांची खोड मोडायला मला तीन आठवडे लागले. तुमची खोड लागलेलीच नसेल तर तेवढेही लागणार नाहीत.

इटलीत जन्मलेले आणि अमेरिकेत नाव कमावलेले जादूगार टोनी स्लायडिनी एक खेळ करत. समोर खुर्चीत बसलेल्या एकाच माणसापुढं कागदाचे गोळे एकामागून एक नाहीसे व्हायचे. प्रत्यक्षात ते गोळे त्याच्या डोक्यावरून मागं फेकलेले असत. सगळ्या सभेला दिसायचं, फक्त त्यालाच दिसायचं नाही. दृष्टिकोनाचं सगळं शिक्षण त्या एका खेळात आहे. मी तो प्रकार कागदाच्या बोळ्यांनी आमच्या काकांवर करून बघितला तेव्हा कोन म्हणजे काय ते अंगात भिनलं.

माळ्याचं आता. नाणी आणि पत्ते दोन्ही असलेला एकच खेळ शिकायचा तर मॅट्रिक्स शिका. अमेरिकेतले जादूगार अल श्नायडर यांनी बांधलेला हा खेळ आहे. चार नाणी चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर, त्यांच्यावर चार पत्ते, आणि एकेक नाणं सरकत सरकत शेवटी चारही एकाच पत्त्याखाली. किल्ली पत्ता उचलण्याच्या पद्धतीत आहे, त्याहून जास्त इथं लिहीत नाही. खाली मऊ अंथरण लागतंच, नाहीतर नाणं वाजतं आणि पत्त्याची कड बोटाला सापडत नाही. मी आधी घोंगडीचा तुकडा वापरला. ती खरबरीत, नाणं अडकायचं. जाड मखमल आणि खाली पातळ फोम, त्यावर काम झालं. हा खेळ बसून करायचा, बघणारे उभे राहून वरून बघतात, म्हणून माळ्यावरचं चित्रण. तोच खेळ स्टेजवर नेऊ नका. मागच्या खुर्च्यांना टेबलावरचं काही दिसत नाही आणि ती माणसं आपसांत बोलायला लागतात.

नजरेचं आणखी एक दुखणं आपल्या भागात जास्त आहे. निपाणी असो, बेळगाव असो की खानापूर, समोर मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारी माणसं असतात. मी मराठीत बोलत असायचो आणि एखादे आजोबा “एन हेळ्तारी?” (काय म्हणतायत?) म्हणून शेजाऱ्याला विचारायचे. मग मी कन्नड शब्द शोधायला लागायचो, आणि शब्द शोधताना माणूस खाली बघतो. खाली म्हणजे हातावर. झालं. आता चार वाक्यं दोन्ही भाषांत तोंडपाठ ठेवतो: “नोड्री, रूपाई एल्लि होतु?” (बघा, रुपया कुठं गेला?) एवढं म्हणून समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं. हातापेक्षा जास्त सराव बोलण्याचा करा. मी उलट केलं.

गुरूबद्दल माझं मत ठाम आहे. पहिल्या गुरूंनी मला दोन वर्षांत पेट्या विकल्या: दुहेरी तळाची पेटी, कापलेल्या कडेचा कॅट, पोकळ नाणं. प्रत्येक वेळी सांगायचे, यानं लोक वेडे होतील. तयार साहित्यात वाईट काही नाही, पण ज्याच्या हाताला काही येत नाही त्याच्याकडून तो कॅट कुणी हातात मागितला की संपलं. जादूगार पी. सी. सरकार किंवा आपले जादूगार रघुवीर यांची नावं ऐकत आपण या वाटेला आलो. ती रंगमंचावरची भव्य जादू, तिला साहित्य, माणसं, पडदे लागतात. तिचा अर्धा हिस्सा पेटीत घालून विकत मिळत नाही. ज्याच्याकडं जाल तो तुमच्या डाव्या बाजूला बसून “दिसलं, परत कर” म्हणतो का, तेवढं बघा. म्हणत नसेल तर पैसे देऊ नका.

घरून विरोध होईल. आमच्याकडं पत्ते म्हणजे जुगार, आणि ही भीती खोटी नाही. तीनपत्तीत घर घालवलेली माणसं प्रत्येक गल्लीत माहीत असतात. मी आईला शब्द दिलाय की पैशाच्या डावाला बसणार नाही. तो नऊ वर्षं पाळलाय. दिवाळीत भावंडं मला रमीला घेत नाहीत याचं वाईट वाटतं, पण ते बरोबरच करतात.

आणि हे तर फार कळकळीनं सांगतो. खानापूर तालुक्यातल्या एका गावी पोराच्या कानामागून रुपया काढला. खेळ संपल्यावर एक आजी आजारी नातवाला घेऊन आल्या, म्हणाल्या, हात ठेवा याच्यावर. मला रडू आलं. खाली बसलो आणि रुपया कसा लपवतो ते त्यांना उघडून दाखवलं, मग पोराला दवाखान्यात न्यायला सांगितलं. महाराष्ट्रात २०१३ चा आणि कर्नाटकात २०१७ चा असे अशा फसवणुकीविरुद्ध कायदे आहेत, पण कायद्याची वाट कशाला बघायची. पहिल्या वाक्यातच सांगा: ही हाताची कला आहे, माझ्याकडं शक्ती नाही. खेळाची मजा तसूभरही कमी होत नाही.

पहिला प्रेक्षक म्हणून घरच्यांना बसवू नका, ते कौतुक करतात. मित्रांनाही नको, ते हात धरतात. गावात सोसायटीच्या ओट्यावर दुपारी पत्ते खेळत बसणारे म्हातारे असतात ना, त्यांच्यापुढं मॅट्रिक्स करा. जन्मभर दुसऱ्याच्या हातांवर नजर ठेवून डाव खेळलेली ही माणसं आहेत. “कुठं दिसलं तेवढं सांगा,” म्हणालं की भीड न ठेवता सांगतात. मागच्या महिन्यात त्यातले एक जण म्हणाले, “हात बरा हाय रे, पण तिसरं नाणं सरकवताना डावा खांदा पडतोय तुझा.” चित्रण काढून बघितलं. पडतोय. सध्या त्याच्यावर काम चालू आहे.