लाइटवेट बॉक्सर पोराला जोड लावताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात पोरगं चपळ निघालं की घरचे त्याला तालमीत घालतात. त्यातली काही आता बॉक्सिंगकडं वळलीत, दोन-चार प्रोफेशनल लढतीही खेळायला लागलीत. चांगलंच आहे. पण पोराच्या मागून मैदानाची सवयही जिममध्ये येते. जत्रेत पंच दोन पैलवान शेजारी उभे करतात, डोळ्यानं अंदाज घेतात, इनाम पुकारतात, झाली जोड. अंदाज चुकला तर पाठ लागते, पोरगं माती झटकतं आणि पुढच्या जत्रेला परत लांग कसतं. बॉक्सिंगमध्ये चुकलेली जोड डोक्यात बसते. हौशी बॉक्सिंगच्या नियमांत डोक्यावर मार बसून नॉकआऊट झालेल्याला किमान ३० दिवस रिंगणाबाहेर ठेवतात, तीन महिन्यांत दुसऱ्यांदा झाला तर ९० दिवस. उगाच नाही ठेवत.

हौशी स्पर्धेत समोर कोण येणार ते ड्रॉ, म्हणजे चिठ्ठ्या, ठरवतात, तिथं आपल्या हातात फारसं नसतं. मी बोलतोय ते प्रोफेशनल लढतींबद्दल, जिथं जोड माणसं बसून ठरवतात. आणि माणसं चुकतात ती बहुतेक त्याच त्याच ठिकाणी.

हरलेल्या लढती मोजणे

ही सगळ्यात जुनी चूक. सांगून सांगून माझा घसा बसलाय.

खानापूर तालुक्यातलं एक पोरगं होतं. उजवा हात जबर. पहिल्या चारही लढती पहिल्या-दुसऱ्या राऊंडमध्ये संपवलेल्या. खर्च मामांचा, म्हणजे उसाच्या बिलाचा, त्यामुळे जोड पसंत करण्याचा हक्कही मामांचाच. संयोजकानं फोनवर तीन नावं दिली. मामांनी त्यातला एक उत्तरेकडचा डावखुरा उचलला. तिशी ओलांडलेला, अकरा लढतींत सात पराभव. आणि लढत ठरवली सहा राऊंडची, कारण चार राऊंडवाल्याचं नाव पोस्टरवर खाली येतं.

मी त्या रात्री दुसऱ्या एका पोराच्या कॉर्नरला, म्हणजे त्याचा प्रशिक्षक म्हणून रिंगणाच्या कोपऱ्यात होतो. मामा भेटले. "सोपं हाय की सर, सात हरलाय त्यो!"

"हरला कसा, ते बघितलं का मामा?"

"हरला म्हणजे हरला. त्यात आणि काय बघायचं?"

सातही पराभव पॉइंटवर होते. म्हणजे सात वेळा हा माणूस शेवटची घंटा होईपर्यंत पायावर उभा होता. असल्या माणसाला मार कोपरावर झेलता येतो, क्लिंचमध्ये, म्हणजे मिठी मारून, अंगावर रेलून दमवता येतं, रेफरीची पाठ कधी वळते ते कळतं. आपल्या पोरानं पहिल्या राऊंडमध्ये होतं नव्हतं ते सगळं टाकलं. दुसऱ्यातही तेच, पण निम्मे ठोसे समोरच्याच्या कोपरावर. तिसऱ्या राऊंडची घंटा झाली आणि पोराच्या चेहऱ्यावरच दिसलं की लढतीत इथवर आपण कधी आलेलोच नाही. तोंड उघडं, हात कमरेला. मग त्या डावखुऱ्यानं डावा हात उजव्या बरगडीखाली घालायला सुरुवात केली, सरळ यकृतावर. गडबड नाही, राग नाही. पाचव्या राऊंडमध्ये पोराच्या कॉर्नरनं टॉवेल टाकला, म्हणजे हार मानली. पोरगं दिवाळी होईपर्यंत जिमकडं फिरकलं नाही, आणि आलं तेव्हा समोरच्याचा खांदा हलला तरी डोळे मिटत होतं. मामा अजून सांगतात, त्या दिवशी त्याचं पोट बिघडलं होतं.

तो डावखुरा माणूस वाईट नव्हता. चार राऊंडसाठी, आणि आधी दोन-तीन महिने डावखुऱ्यांशी स्पारिंग, म्हणजे सरावाची लढत, झालं असतं तर, त्याच्याइतका चांगला मास्तर शोधून सापडला नसता.

माझी सवय सांगतो. जिंकल्या-हरल्याचा आकडा मी सगळ्यात शेवटी बघतो. आधी बघतो तो पडलाय का, पडला असेल तर डोक्याला लागून की पोटाला. मग शेवटच्या तीन लढतींच्या तारखा आणि वजनं. मग एकूण किती राऊंड खेळलाय. सुरुवातीच्या लढतींना मला हरणारा पण न पडणारा माणूस लागतो, कारण पोराचे राऊंड भरले पाहिजेत. चाळीस सेकंदांत संपलेल्या लढतीचा व्हिडिओ गावात फिरतो, फटाके वाजतात, आणि पोरगं काहीही न शिकता घरी येतं. जोड ठरवताना वहीत एकच प्रश्न लिहितो: हा माणूस आपल्या पोराला काय विचारणार? मागं रेटलं तर काय करतोस? उंच जॅबवाला, म्हणजे पुढच्या हातानं सरळ ठोसे टाकणारा, भेटला तर आत कसा शिरतोस? प्रश्न सुचत नसेल तर ती लढत मी घेत नाही, मानधन कितीही असो.

मोठ्यांचंही हेच होतं. युक्रेनचा लोमाचेंको दोन ऑलिंपिक सुवर्णं आणि ३९६ हौशी विजय घेऊन आला आणि दुसऱ्याच प्रोफेशनल लढतीत, मार्च २०१४ मध्ये, जागतिक किताबासाठी उतरला. समोर ऑर्लांडो सालिडो, नावावर १२ पराभव. सालिडोनं त्याला कमरेखाली मारलं, रेललं, ओढलं आणि स्प्लिट डिसिजननं, म्हणजे तीनपैकी दोन पंचांच्या मतानं, हरवलं. लोमाचेंको पुढं लाइटवेटचाही विश्वविजेता झाला, पण तो लोमाचेंको होता. आपलं पोरगं लोमाचेंको आहे असं वाटणारे मामा मला वर्षाला दोन-तीन तरी भेटतात.

"दोन किलोनं काय होतंय?"

वरच्याच गोष्टीत आणखी एक भर: सालिडो १२६ पौंडांच्या मर्यादेपेक्षा दोन पौंडांहून जास्त भरला होता. किताब वजनकाट्यावरच गेला, लढत मात्र झाली.

लाइटवेट म्हणजे १३५ पौंड, ६१.२३ किलो. खालचा गट १३० पौंडांचा, वरचा १४० चा. पाच-पाच पौंडांवर गट पाडलेत ते कुणाच्या हौसेखातर नाहीत. प्रोफेशनल लढतीचं वजन आदल्या दिवशी होतं. काट्यावर ६१ भरलेला माणूस पाणी-भात खाऊन दुसऱ्या रात्री ६६ ला रिंगणात येऊ शकतो. आपलं पोरगं मुळातच ६१ चं असेल तर ते सहज ६२ ला उतरतं. मग समोरचा काट्यावरच दोन किलो जादा निघाला तर खरा फरक किती, हा हिशेब करा.

तरी काट्याजवळ कुणीतरी म्हणतंच, "जाऊ द्या की सर, एवढं लांबनं आलायसा." लांबून आलो म्हणूनच परत जाता येतं. करारात वजन पौंडात आणि किलोत दोन्ही लिहून घ्या. जादा भरला तर मानधनातून किती कापायचं आणि किती जादा भरल्यावर लढत रद्द, हेही लिहा. तोंडी कॅचवेट, म्हणजे गटाबाहेरचं आपसात ठरवलेलं वजन, घेऊ नका. मी जिममधली २० किलोची प्लेट गाडीत टाकून नेतो आणि आधी तीच काट्यावर ठेवतो. संयोजक हसतात. एका ठिकाणी ती प्लेट २१ भरली, तेव्हा हसले नाहीत.

उलट बाजूची चूक म्हणजे ६८ किलोच्या पोराला उपाशी ठेवून, जॅकेट घालून पळवून लाइटवेट करणे. त्याला समोर कुणीही दिलं तरी जोड चुकलेलीच.

"नवखा आहे, शून्य लढती"

शून्य प्रोफेशनल लढती म्हणजे नवखा नव्हे. सैन्यदलाच्या संघातून किंवा हरियाणातून आलेल्या पोराच्या अंगात हौशी लढतींचा ढीग असतो आणि प्रोफेशनल रेकॉर्ड कोरं. हौशी रेकॉर्ड मागा. दिलं नाही तर तेच उत्तर समजा.

मोठ्या खंडानंतर मोठी लढत

विजेंदर सिंग १२ पैकी १२ जिंकलेला होता. नोव्हेंबर २०१९ नंतर थेट मार्च २०२१ मध्ये पणजीत कॅसिनोच्या जहाजावर उतरला. समोर आर्तिश लोप्सान, अवघ्या सहा लढतींचा, पण सहा फूट चार इंच उंच. पाचव्या राऊंडमध्ये विजेंदरचा खेळ संपला. चोर्ला घाट उतरून बघायला गेलेले आपले लोक परत आले ते लोप्सानच्या उंचीबद्दल बोलत. मी म्हणतो उंचीआधी ते सोळा महिने बघा. वर्षभर लग्नसराई आणि ऊसतोड करून आलेल्या पोराला पहिली लढत चार राऊंडची, ओळखीच्या शैलीशी. उंच माणूस त्यानंतर.

थोडक्यात आणखी काही

एकाच जिमच्या दोन पोरांची जोड लावू नका, जिम फुटते.

हरल्यावर लगेच त्याच माणसाशी परत लढत मागू नका. इज्जत मामांची असते, बरगड्या पोराच्या.

व्हिडिओ दोन वर्षांपूर्वीचा असेल तर तो माणूस तुम्ही बघितलेलाच नाही.

फक्त उजव्या हाताचे निवडत राहिलात तर पहिला डावखुरा नेमका महत्त्वाच्या लढतीत भेटेल. कोल्हापूर, हुबळी, गोवा, तिन्हीकडं सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. डावखुरे तिथं शोधा, स्पारिंग तिथं करा. हुबळी-धारवाडच्या मास्तरांशी बोलताना कन्नड येणारा कुणीतरी बरोबर घ्या. फोनवर मोडक्या हिंदीत विचारलं की सगळे बॉक्सर "अच्छा लडका है" एवढेच असतात.

आणि शेवटच्या दिवशी बदललेला प्रतिस्पर्धी. आधीचा आजारी पडला, हा त्याच्याच वजनाचा आहे, तिकिटं विकली गेलीत, आमदार येणार आहेत, हे सगळं संयोजक एका दमात सांगतो. त्याला रात्री नऊपर्यंत वेळ द्या: नव्या माणसाच्या शेवटच्या तीन लढतींची वजनं, त्या कशा संपल्या, आणि कुठल्या हाताचा. नवाला कागद आला नाही तर पोराला पोटभर जेवू घाला आणि गाडी काढा.