पावसाळ्यात लॅकरवर आलेला पांढुरकेपणा: माझा अनुभव

मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रात जतन केलेल्या डब्ल्यूसीपी-१ या विजेवरील जुन्या इंजिनाची, पितळी पत्रा कापून व डाख देऊन केलेली १:७६ प्रमाणातील माझी प्रतिकृती रंगकामापर्यंत उत्तम जमली होती. 

पण ऐन जुलैत रंगावर एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकरचा, म्हणजे झटपट वाळणाऱ्या रोगणाचा, एक हात फवारला आणि काही क्षणांत छताच्या कडांवर, रिव्हेटच्या (पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या उठावांच्या) ओळींभोवती दुधाळ पापुद्रा दिसू लागला. लॅकर पातळ करणारे द्रावक, म्हणजे थिनर, झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड पडतो आणि दमट हवेतील बाष्प ओल्या थरात अडकते, म्हणून हा पांढुरकेपणा येतो. गडद रंगावर तो अधिकच डोळ्यांत भरतो.

पॉलिश पेपरने घासले असते तर रिव्हेट गेले असते. त्याऐवजी सावकाश उडणारे रिटार्डर थिनर एअरब्रशने (रंग फवारण्याच्या छोट्या यंत्राने), हात सतत फिरता ठेवून, अगदी विरळ फवारले. वरचा थर पुन्हा मऊ झाला, अडकलेले बाष्प निघून गेले आणि मूळ रंग उघडा पडला. प्लास्टिक शीटच्या प्रतिकृतीवर मात्र हा उपाय जपून करावा, कारण हे थिनर प्लास्टिकच विरघळवू शकते. उरलेले हात मी पाऊस उघडल्यावर, दुपारच्या कोरड्या हवेत, लॅकरमध्ये थोडे रिटार्डर मिसळून दिले.