टीडीसीएसच्या सेशनला पेशंट आणण्याआधी

डोक्याला मार लागलेल्या पेशंटसाठी टीडीसीएस, म्हणजे डोक्यावर ओले स्पंज ठेवून मेंदूला अगदी हलका करंट देण्याचा उपचार, सुचवलं, की घरचे पहिल्यांदा हेच विचारतात, "मॅडम, शॉक देणार का?" नाही. शॉक ट्रीटमेंटमध्ये भूल देऊन साधारण 800 मिलिअँपिअरच्या करंटने मुद्दाम फिट आणतात. आमच्याकडे पेशंट जागा असतो, करंट 1 ते 2 मिलिअँपिअर आणि वेळ 20 मिनिटं. एवढा करंट मेंदूकडून काम करून घेत नाही; चाललेल्या कामाला थोडा हातभार लावतो.

आधी फाइल आणा. डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची नोट, शेवटचा सीटी स्कॅन. मेंदूची सूज उतरावी म्हणून कवटीचा तुकडा काढून पोटाच्या कातडीखाली ठेवला होता का, आणि तो परत बसवला का, हे मला कळायलाच हवं. हाड नसलेल्या जागेतून करंट सहज आत शिरतो आणि आपण ठरवलेल्या ठिकाणी पोचेल याची खात्री राहत नाही. टायटॅनियमची जाळी, शंट (मेंदूतलं जादा पाणी काढणारी नळी), पेसमेकर, कानातलं इम्प्लांट यांतलं काहीही असेल तर न्यूरोसर्जनचा होकार आल्याशिवाय मी मशीन लावत नाही. शेवटची फिट कधी आली तेही सांगा. कार्बामाझेपिनसारख्या फिटवरच्या काही गोळ्यांनी टीडीसीएसचा परिणाम कमी होतो, पण म्हणून गोळी स्वतःहून बंद करायची नाही. फिट आली तर नुकसान कितीतरी मोठं.

आदल्या रात्री केस शाम्पूने धुवा आणि तेल लावू नका. आया प्रेमाने लेकराच्या डोक्यावर खोबरेल चोपडून आणतात, आणि तेलकट टाळूवर करंट नीट जात नाही. मग अर्धं सेशन डोकं पुसण्यातच जातं. स्पंज मी सलाइनमध्ये भिजवून पिळते. तो ओला हवा, पण कपाळावर ओघळ आला तर करंट त्या पाण्याबरोबर पसरतो. नळाचं पाणी वापरू देऊ नका, त्याने कातडी भाजल्याची उदाहरणं आहेत. सुरुवातीला मुंग्या येतात, खाज सुटते, नंतर जागा थोडी लाल दिसते, हे चालतं. आग होत असेल तर लगेच सांगा. पेशंटला बोलता येत नसेल तर त्याचा चेहरा बघत राहणं हे तुमचं काम.

सगळ्यात महत्त्वाचं: ती 20 मिनिटं पेशंटला नुसतं बसवू नका. लक्ष टिकत नसेल तर पत्ते रंगाप्रमाणे लावायला द्या, सुट्टे पैसे मोजायला द्या. शब्द सापडत नसतील तर किराण्याची यादी करून घ्या. एका पेशंटची बहीण दर वेळी घरच्या लग्नाचा अल्बम आणायची आणि दादाकडून एकेकाचं नाव काढून घ्यायची. असा सराव मला हवा असतो.

अपेक्षा किती ठेवायची? बेल्जियममधल्या लिएज इथल्या 2014 च्या अभ्यासात अर्धवट भान असलेल्या 30 पेशंटपैकी 13 जणांमध्ये एका सेशननंतर सुधारणेच्या खुणा दिसल्या. अजिबात भान नसलेल्यांच्या गटात एकंदरीत फरक पडला नाही. डोक्याला मार लागलेले पेशंट सुधारल्याची 2023 ची अमेरिकेतली जी बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते, ती वेगळ्या उपचाराची आहे. तिथे थॅलॅमसमध्ये, म्हणजे मेंदूच्या आत खोलवरच्या भागात, तार बसवण्याचं ऑपरेशन झालं होतं. विचारांचा वेग मोजणारी चाचणी 15 ते 52 टक्के सुधारली, पण पेशंट फक्त पाच होते. ती अजून प्रयोगाच्या पातळीवरची गोष्ट आहे, टीडीसीएसकडून तेवढी आशा धरू नका.

ऑनलाइन मिळणारी मशीन घेऊन घरी प्रयोग करू नका. स्पंज दोन बोटं सरकला तरी मेंदूचा भाग बदलतो.

पहिल्या सेशनआधी आम्ही ज्या चाचण्या घेतो त्यांचे आकडे वहीत उतरवून घ्या. शेजारी घरची एकच गोष्ट लिहा, समजा टीव्ही बंद करून तो किती मिनिटं गप्पांत बसतो. दहा सेशननंतर त्याच चाचण्या परत मागा. आकडे हलले नसतील तर थांबा आणि उरलेले पैसे स्पीच थेरपीला लावा.